साताऱ्याहून एक तास पस्तीस मिनिटं

माधवनगरच्या गिरणीच्या चाळीत आकाराम खोताची खोली सगळ्यांत शेवटची. खोलीमागं पत्र्याची ढाबळ होती आणि तिच्यात वीस-बावीस कबुतरं. कुणी आकारामचा पत्ता विचारला तर लोक ढाबळच दाखवत. माणसापेक्षा ती लवकर दिसे.

तो बोलायचा कमी. साचेखात्यात अठ्ठावीस वर्षं काढलेल्या माणसाचं असं होतं. शे-दीडशे माग एकदम चालतात तिथं तोंडाचा उपयोग नसतो; माणसं हातांनी आणि ओठांनी बोलतात, आणि पुढं पुढं घरी आली तरी तेवढंच बोलतात. बनुबाई, त्याची बायको, लग्नानंतरची पहिली काही वर्षं म्हणायची की भिंतीशी लगीन लागलं असतं तर भिंतीनं तरी हुंकार दिला असता. नंतर तिनं म्हणायचं सोडलं. सवय झाली असेल किंवा कंटाळा आला असेल. त्या दोन्हींत लांबून फरक दिसत नाही.

जत भागातल्या एका कोरड्या गावातून तो सतराव्या वर्षी इथं आला. आईबाप आधीच गेले होते, राहतं घर भावकीनं घेतलं होतं. गिरणीत लागला त्याच वर्षी मागच्या आवारात त्याला एक कबूतर पडलेलं सापडलं. पंख फाटलेला, पायात पितळेची कडी. त्यानं ते खोलीवर आणलं, जखमेत हळद भरली, तीन आठवडे ज्वारी चारली. चौथ्या आठवड्यात एकदा दार उघडं राहिलं. कबूतर छपरावर जाऊन बसलं, मग वर चढून दोन गिरक्या घेतल्या आणि दक्षिणेकडं सरळ निघून गेलं. आकाराम रिकाम्या आभाळाकडं बघत उभा राहिला. इतक्या दिवसांनी, इतकं लागल्यावरही त्या पाखराला आपलं घर कुठं आहे ते ठाऊक होतं. पाखराच्या पायात कडी घालणाऱ्या माणसाचा आपल्याला हेवा वाटला की पाखराचा, हे आकारामला कधी सांगता आलं नाही.

पुढं त्यानं मिरजेच्या एका म्हाताऱ्याकडून पहिली जोडी आणली. त्या भागात कबुतरं उडवणारे पुष्कळ होते. कुणाचं पाखरू आभाळात जास्त वेळ टिकतं यावर ते पैजा लावत. आकारामला त्यात रस नव्हता. पाखरू किती लांबून परत येतं आणि किती वेळात येतं, एवढंच त्याला बघायचं असे. एसटीचा एक ड्रायव्हर त्याच्या ओळखीचा होता, लालासाहेब नावाचा. तो करंडीत एक पाखरू घेऊन जायचा आणि ठरलेल्या ठिकाणी, ठरलेल्या वेळी सोडायचा. आधी आष्टा, मग इस्लामपूर, मग कराड, मग उंब्रज. एका वेळी एकच, हा आकारामचा नियम. दोन एकदम सोडली की कोण कुणाच्या मागं आलं ते कळत नाही आणि वेळ खोटी पडते. आलेल्या वेळा तो ढाबळीच्या दारावर खडूनं लिहायचा. गिरणीतला त्याचा जोडीदार नाथाजी ते दार बघून म्हणायचा, "गड्या, तुज्या पाखरांचं टाइमटेबल हाय. एश्टीचं कवा लागायचं?"

बनुबाईला कबुतरांचा राग होता. घाण, पिसं, पहाटेपासूनचं घुमणं. पण तो घरी नसला की ज्वारी तीच टाकायची.

त्यांना एकच मुलगी, विजयमाला. ती शिकली, डी.एड. झाली आणि साताऱ्यात शाळेवर लागली. नवरा कृष्णात फौजेत, आसामकडं. साताऱ्याला पद्मावतीअक्का म्हणून एका जैन विधवेच्या घरात ती भाड्यानं राहायची. अक्का मूळची सांगलीकडची, दिग्रजची. पुढं छोटं किराणा दुकान, मागं दोन खोल्या. माहेरच्या बाजूची पोर म्हणून तिनं विजयमालाला भाडेकरू कधी मानलंच नाही.

त्र्याहत्तर सालच्या चैत्रात विजयमालाला सातवा महिना लागला. पहिलं बाळंतपण माहेरी, ही रीत. आकाराम स्वतः तिला आणायला गेला. बनुबाई म्हणाली होती, एवढी घाई कशाला, शाळेला सुट्टी लागू दे. तो म्हणाला, उन्हं वाढतील. त्या वर्षी त्यानं घेतलेला तो एकच निर्णय असेल. साताऱ्याहून निघालेली एसटी कराडच्या अलीकडं होती तेव्हा विजयमालानं पुढच्या सीटची दांडी घट्ट धरली आणि म्हणाली, "आबा, काहीतरी होतंय." कराडला उतरले. निरोप मिळून बनुबाई सांगलीहून येईपर्यंत सगळं होऊन गेलं होतं. मूल गेलेलंच जन्मलं. मुलगा होता.

यावर घरात कुणी बोललं नाही. विजयमाला बरी झाली, शाळेवर गेली. आकाराम पाळीवर जाऊ लागला. पण तेव्हापासून सांगलीच्या स्टँडवरून जाताना तो सातारा गाडीच्या फलाटाकडं बघत नसे.

पुढच्या वर्षी पुन्हा दिवस गेल्याचं पत्र आलं तेव्हा बनुबाईनं त्याला विचारलं नाही, सांगितलं. पोर कुठं हलणार नाही. नववा लागला की मीच जाऊन राहीन. आकारामनं मान हलवली. त्या मान हलवण्यात काय होतं ते तिला दिसलं नाही.

अडचण एवढीच होती की तो इथं आणि त्या दोघी तिथं. तार साताऱ्याहून निघाली तरी चाळीत हातात पडेपर्यंत कधी संध्याकाळ व्हायची, कधी दुसरा दिवस. गिरणीच्या फोनवर कामगाराला कोण बोलावणार. आकाराम दोन दिवस ढाबळीत बसला आणि तिसऱ्या दिवशी लालासाहेबाबरोबर पाखरं साताऱ्याला पाठवायला लागला. विजयमालानं शाळेतल्या नकाशावर दोरा धरून अंतर मोजलं आणि पत्रात कळवलं : रस्त्यानं एकशेवीसच्या वर भरतं, पण सरळ दोरा धरला तर एकशेदहा किलोमीटर. रस्त्याला डोंगर आणि गावं सांभाळावी लागतात, आबा, पाखराला नाहीत.

श्रावण संपेपर्यंत त्यानं सहा पाखरं आजमावली आणि दोन निवडली. एक पांढरा नर. मोठा, शांत, पण पक्का. कितीही वारा असो, एक तास पन्नास मिनिटं. दुसरी निळी मादी. बारीक अंगाची, पण साताऱ्याहून एक तास पस्तीस मिनिटांत यायची. पाच वेळा सोडली, पाचही वेळा तेवढाच वेळ, दोन मिनिटं इकडं किंवा तिकडं. एसटीला त्याच वाटेला चार तास लागत.

बनुबाईला लिहिता येत नव्हतं आणि विजयमाला त्या वेळी लिहिण्याच्या स्थितीत नसणार. म्हणून त्यानं खूण ठरवली. बाळंतपण नीट झालं, दोघं सुखरूप असली तर पांढरा सोडायचा. काही वेडंवाकडं झालं, त्यानं ताबडतोब निघायला हवं असलं, तर निळी. पाखरू वेगवान ते वाईट बातमीला ठेवलं, कारण चांगली बातमी पंधरा मिनिटं थांबू शकते.

बनुबाई करंडी घेऊन एसटीत बसली तेव्हा म्हणाली, "लोकं लेकीकडं लाडू न्हेत्यात. मी पाखरं न्हेत्ये." पण करंडी तिनं खाली ठेवली नाही. साताऱ्यापर्यंत मांडीवरच होती. अक्कानं विचारलं तर तिनं एवढंच सांगितलं, बाळ झालं की सोडायची आहेत. वाईट बातमीची खूण बोलून दाखवणं तिला बरं वाटलं नाही.

भाद्रपदातली अष्टमी होती. रात्रीचा पाऊस उघडला होता आणि पत्र्यावरून वाफा निघत होत्या. आकारामची दुसरी पाळी, म्हणजे साडेतीनपर्यंत तो मोकळा. ढाबळीशेजारी उलट्या बादलीवर बसून तो मक्याचे दाणे निवडत होता. करंडी जाऊन आठ दिवस झाले होते. आठ दिवस तो रोज सकाळी असाच बसायचा, आणि वायव्येकडच्या आभाळाचा तेवढा एक तुकडा त्याला आता हाताच्या रेषांसारखा पाठ झाला होता.

दहा पंचविसाला तिथं एक ठिपका आला. जवळ आला तसा तो पांढरा झाला. आकाराम उठला. दाणे खाली सांडले. त्यानं हात जोडले की नुसते एकमेकांत धरले, त्याला आठवत नाही. पांढरा ढाबळीवर उतरला. त्याच्या मागोमाग, त्याला जवळजवळ लागूनच, निळी उतरली.

आकाराम निळीकडं बघत राहिला. ती पाणी पीत होती.

दोन्ही आली याचा अर्थ त्यानं कधी ठरवलाच नव्हता. पण त्याच्या डोक्यात वेळा होत्या आणि त्या आपोआप हलायला लागल्या. पांढऱ्याला एक तास पन्नास. म्हणजे तो आठ पस्तीसला सुटला. निळीला एक तास पस्तीस. म्हणजे ती आठ पन्नासला. आठ पस्तीसला बाळ झालं, सगळं ठीक होतं, म्हणून बनुबाईनं पांढरा सोडला. आणि पंधरा मिनिटांत असं काही झालं की तिला निळीही सोडावी लागली. रक्त जात असेल. बायकांना तसं होतं, बाळ झाल्यावर होतं, चाळीत रंगुबाईच्या सुनेला झालं होतं. गणितात चूक नव्हती. त्यानं पुन्हा केलं, पुन्हा तेवढंच आलं.

आणि ही बातमीसुद्धा ताजी नव्हती. पाखरं कृष्णेवरून येत होती तेव्हा तिथं जे व्हायचं ते होत होतं. आता जे असेल ते झालेलं असणार, आणि त्याला तिथं पोचायला अजून पाच तास.

नाथाजी शेजारच्या ओळीतून आला तेव्हा आकाराम शर्ट घालत होता. नाथाजीनं दोन्ही पाखरं बघितली आणि नेहमीची थट्टा केली नाही. सायकल काढली. "बस डबलशीट," म्हणाला. "पाळीचं मी सांगतो. तू बस." सांगलीच्या स्टँडपर्यंत त्यानं सायकल जोरात हाणली. अकराची सातारा गाडी फलाटाला लागलेली होती. तिकिटाचे पैसेही नाथाजीनंच त्याच्या खिशात कोंबले.

गाडी सांगलीतून निघाली. आकाराम खिडकीशी बसला. रस्त्याच्या कडेचे किलोमीटरचे दगड तो मोजत नव्हता, पण प्रत्येक दगड त्याला दिसत होता. ऊस उभा होता, पाण्यानं चमकत होता. आष्ट्याला एक कोंबड्यांची पाटी वर चढवायला दहा मिनिटं गेली. इस्लामपूरला ड्रायव्हर-कंडक्टर चहाला उतरले. ड्रायव्हरनं भजी मागवली, ती तळून यायला वेळ लागला, आली ती गरम होती म्हणून फुंकून खायला वेळ लागला. आकाराम जाऊन त्याच्यासमोर उभा राहिला. ड्रायव्हरनं विचारलं, काय पाव्हणं, भजी खाणार? त्यानं नको म्हणून मान हलवली आणि परत येऊन जागेवर बसला. सांगता आलं असतं. मुलगी आहे म्हणून सांगता आलं असतं. पण तोंड उघडलं की ते खरं होईल असं त्याला वाटलं.

शेजारच्या म्हातारीनं कुठं निघालास म्हणून विचारलं. सातारा. कुणाकडं? लेकीकडं. बाळंतीण हाय का? तो खिडकीबाहेर बघू लागला. म्हातारीनं पुन्हा विचारलं नाही, आपल्या गाठोड्यावर हात ठेवून डोळे मिटले.

कराडच्या पुलावरून गाडी गेली तेव्हा त्यानं मान खाली घातली. पुढचा रस्ता तोच होता. फक्त त्या वेळी तो उलट्या दिशेनं चालला होता आणि शेजारी विजयमाला होती, आणि तिनं विचारलं होतं, आबा, घरी गेल्यावर मला कण्या करायला सांगाल का आईला. ते झाड आलं, जिथं तिनं दांडी धरली होती. झाड विशेष नव्हतं, बाभळ होती. ती अजून तिथं होती. त्याला वाटलं, माणसानं एकदा रीत पाळली आणि एकदा रीत मोडली, तरी रस्ता तेवढाच राहतो. मीच तिला या वाटेवर आणलं. आणि आता निरोपाची खूण ठरवणाराही मीच.

तीन वाजून दहा मिनिटांनी गाडी साताऱ्याच्या स्टँडमध्ये वळली. आणि खिडकीतून त्याला बनुबाई दिसली.

ती फलाटाच्या खांबाजवळ उभी होती, डोक्यावर पदर, हातात काही नाही. लेक बरी असती तर ही तिला सोडून इथं कशाला आली असती. तो उतरला. पायरी किती उंच आहे त्याचा अंदाज चुकला आणि तो गुडघ्यावर पडता पडता राहिला. बनुबाई झपझप आली. तिनं त्याचा दंड धरला. चारचौघांत तिनं त्याला असा हात लावल्याचं त्याला आठवत नव्हतं.

"पोर बरी हाय," ती म्हणाली. "आधी ऐका. पोर बरी हाय. काय झाल्यालं न्हाई. अजून बाळबी झाल्यालं न्हाई."

त्यानं ऐकलं. पण कळायला वेळ लागला, म्हणून तिनं तेच पुन्हा एकदा सांगितलं, लहान मुलाला सांगतात तसं.

"मग कबुतरं?" तो म्हणाला.

"अक्कानं सोडली."

मग स्टँडच्या भिंतीला टेकून उभं राहून तिनं सगळं सांगितलं. अक्काचं पर्युषण चाललं होतं. सकाळी बनुबाई विजयमालाला घेऊन आठ वाजता तपासणीला दवाखान्यात गेली. अक्का देवळातून आली तर घरात कुणी नाही, आणि करंडीत दोन मुके जीव घुमतायत. आठ दिवस ती ते ऐकत होती. आपल्या छपराखाली, पर्वाच्या दिवसांत, जीव कोंडलेले. बाळ झालं की सोडायची आहेत एवढंच तिला ठाऊक होतं. तिनं समजून घेतलं होतं की कसलातरी नवस असणार. मग थांबायचं कशाला? आज अष्टमी. आजच सोडली तर पुण्य दुप्पट, आणि ते सगळं पोरीच्या पदरात पडेल, तिचं बाळंतपण सोपं होईल. अक्कानं विजयमालाचं नाव घेतलं, हात जोडले आणि झाकण काढलं. दोघी बाराला परत आल्या तेव्हा ती मोठ्या आनंदानं सांगायला दारातच उभी होती.

"मी मटकन खाली बसले," बनुबाई म्हणाली. "अक्काला वाटलं, मला चक्कर आली. मग तार केली. पर मला म्हाईत, तार पोचायच्या आत हा माणूस एश्टीत बसल्याला असणार. म्हणून साडेबारापास्नं हितं उभी हाय. ही तिसरी गाडी सांगलीची."

आकारामनं मान हलवली. मग त्यानं पंधरा मिनिटांचं गणित तिला सांगितलं. आठ पस्तीस, आठ पन्नास, बाळ झालं, मग रक्त गेलं. त्याच्या मानानं ते फार मोठं भाषण होतं. बनुबाई ऐकत होती आणि तिच्या कपाळावरची आठी हळूहळू वर चढत होती.

"आवं," ती म्हणाली, "अक्कानं दोन्ही एकदमच सोडली. नर हाय, मादी हाय, आठ दिस एका करंडीत हुती. तुमाला काय वाटलं, भजन करीत बसली असतील? जोडी जमली. ती काय आता त्याला मागं सोडून येती व्हय. सत्तावीस वर्षं पाखरं पाळता तुमी."

आकाराम तिच्याकडं बघत राहिला. प्रत्येक पाखराची वेळ त्याला ठाऊक होती, पण ती एकट्याची वेळ होती. दोघांची वेळ त्यानं कधी मोजलीच नव्हती. निळीनं त्या वाटेवर आपली पंधरा मिनिटं दुसऱ्यासाठी खर्च केली होती, आणि त्या पंधरा मिनिटांत त्यानं आपल्या लेकीला मारून टाकलं होतं. त्याला हसू आलं. पहिल्यांदा ते खोकल्यासारखं आलं, मग थांबेना. बनुबाईसुद्धा हसली, पदर तोंडाला लावून. स्टँडवरचा एक हमाल त्या दोघांकडं बघत गेला.

दोघं पेठेकडं चालू लागली. चढ होता. मध्येच आकाराम थांबला आणि म्हणाला, "मला वाटलं, परत मीच."

"परत म्हंजी?"

"मागल्या बारीला मीच आणली तिला. तू थांब म्हणत हुतीस. एश्टीतनं आणली. धक्क्यानं गेलं पोर."

बनुबाई रस्त्याच्या कडेला गेली. एका बंद दुकानाची पायरी होती, तिच्यावर बसली आणि त्यालाही बसायची खूण केली. बराच वेळ ती पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती.

"मी तुमाला एक सांगितलं न्हाई," ती म्हणाली. "कराडच्या डाक्टरीणबाईनं मला त्याच दिशी बाजूला घेऊन सांगितलं हुतं. बाळ चार दिस आदीच गेल्यालं. पोटातच. एश्टीचा काय संबंध न्हवता. तिला आणली नसती तरी तेच झालं असतं, आन् हितं एकटीच असती तर तीबी गेली असती. कराडात हुती म्हणून वाचली."

तो तिच्याकडं वळून बसला.

"मी कुणालाच सांगितलं न्हाई. म्हटलं, चार दिस गेल्यालं लेकरू घेऊन शाळंत जात हुती, हे तिला कळलं तर ती वेडी हुईल. आन् तुमाला सांगितलं असतं तर तुमच्या तोंडावर दिसलं असतं. तुमी मनाला लावून घेतलंय, मला काय ठावं. तुमी कवा बोललाच न्हाई."

"तू कवा इचारलं न्हाईस," तो म्हणाला.

"व्हय," ती म्हणाली. "न्हाई इचारलं."

समोरून एक बैलगाडी चढ चढत होती. ती दिसेनाशी होईपर्यंत दोघं तशीच बसली. दीड वर्ष आकाराम एक रस्ता टाळत आला होता, आणि त्या रस्त्यानं त्याचं काही वाईट केलं नव्हतं. उलट लेक वाचली ती त्याच वाटेवर असल्यानं. अशा वेळी माणसाला आनंद व्हावा. त्याला आधी थकवा आला. मग खांद्यावरची सुताची गाठोडी कुणी उतरवून घ्यावी तसं मानेपासून खाली सगळं सैल पडत गेलं. बनुबाई म्हणाली, पोरीला यातलं काही कळता कामा नये. तो म्हणाला, न्हाई. गप्प राहणं हे एक काम त्याला येत होतं.

अक्का दुकानात नव्हती. आतल्या खोलीत जाऊन बसली होती. बनुबाई आल्यावर खुणेचं सगळं कळलं तेव्हापासून तिनं पाणीसुद्धा घेतलं नव्हतं, आणि उपासाच्या दिवसांत संध्याकाळनंतर ती घेणारही नव्हती. आकाराम दाराशी उभा राहिला. अक्कानंच मान वर केली.

"पोचली का हो दोघं?" तिनं विचारलं.

"पोचली अक्का. एकदमच आली. पाणी प्याली."

"वाटेत ससाणा असतो म्हणतात. मला दुपारपासून तेच येत होतं मनात. सोडली मी, आणि काही झालं असतं तर तेही माझ्याच माथी."

"काय झालं न्हाई," आकाराम म्हणाला. आज हेच वाक्य त्यालाही सांगितलं गेलं होतं, आणि ते दुसऱ्याला द्यायला बरं वाटत होतं. "तुमी पाणी घ्या. दिवस हाय अजून."

अक्का उठली. तांब्याकडं जाताना तिनं डोळे पुसले.

विजयमाला मागच्या खोलीत भिंतीला पाठ लावून, पाय पसरून बसली होती. चेहरा भरला होता. बापाला बघून तिनं उठायचा प्रयत्न केला, ते जमलं नाही, आणि आपल्यालाच हसली. "आबा, शर्ट उलटा घातलाय तुम्ही," ती म्हणाली. "सांगलीपासून असंच आलात?"

त्यानं खाली बघितलं. बटणं आतून लावलेली होती. शिवण बाहेर आली होती. एवढ्या लोकांनी बघितलं आणि कुणी बोललं नाही. नाथाजीसुद्धा.

आकाराम परत गेला नाही. गिरणीला रजेची तार केली आणि तिथंच राहिला, अक्काच्या दुकानात साखरेच्या पोत्यांना टेकून झोपायचा, सकाळी फळ्या काढायचा, गिऱ्हाइकांना गूळ मोजून द्यायचा. अक्का म्हणायची, एवढा गप्प माणूस दुकानाला चालत नाही, गिऱ्हाईक दोन शब्दांसाठी येतं.

पाचव्या दिवशी पहाटे विजयमालाला कळा सुरू झाल्या. टांगा करून दवाखान्यात नेलं. बनुबाई आत गेली. आकाराम व्हरांड्यात उभा राहिला. बाकडं होतं, त्यावर वाळव्याकडचा एक शेतकरी, गुंडा नावाचा, सून आत म्हणून बसला होता. त्यानं दोनदा सरकून जागा करून दिली. आकाराम बसला नाही. अकराच्या सुमाराला आतून रडणं आलं, बारीक आणि रागावलेलं. थोड्या वेळानं बनुबाई दारात आली. तिचे केस सुटले होते.

"पोरगी झाली. दोघी बऱ्या हायत," ती म्हणाली. आणि त्याच्याकडं नीट बघून, "बसा आता. पहाटेपास्नं उभं हायसा."

तो बसला. त्यानं दोन्ही गुडघ्यांवर हात दाबून धरले.

गुंडानं तंबाखूची चंची पुढं केली आणि विचारलं, कुठलं गाव म्हणायचं पाव्हण्यांचं. नुसतं विचारायचं म्हणून विचारलं होतं. आकारामनं तंबाखू घेतली, हातावर धरली आणि सांगायला लागला. आधी माधवनगर सांगितलं. मग गिरणी. मग विजयमाला सांगितली, मग गेल्या वर्षीचं कराड. गुंडा व्हय व्हय करत होता. सून आत असतानाही तो मन लावून ऐकत होता. ऊन व्हरांड्यातून मागं सरकत गेलं, बाकड्याच्या एका पायापासून दुसऱ्या पायापर्यंत गेलं, आणि तंबाखू तशीच तळहातावर ठेवून आकाराम बोलत राहिला.